ऑक्सिजन शोधणाऱ्या पाळकाचं घर जमावाने का जाळलं?

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जोसेफ प्रिस्टले एका ओळीत येतो आणि जातो. प्राणवायूचा शोध, साल १७७४. कुणाला काचेच्या हंडीखाली कोंडलेला उंदीर आणि त्याच्या शेजारचं पुदिन्याचं रोप आठवत असेल. पण प्रिस्टलेला त्याचा पेशा विचारला असता, तर त्याने रसायनशास्त्राचं नाव घेतलं नसतं. तो पाळक होता, म्हणजे चर्चमध्ये उपदेश करणारा, मंडळीची काळजी वाहणारा ख्रिस्ती धर्मोपदेशक. त्याची लहानमोठी मिळून दीडशेहून जास्त पुस्तकं आहेत आणि त्यांत धर्मावरची पुस्तकं विज्ञानावरच्या पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

जुलै १७९१ मध्ये बर्मिंगहॅम शहरात जमावाने त्याचं घर, ग्रंथसंग्रह आणि प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली. त्यामागे हवेवरचे प्रयोग नव्हते. देव एकच आहे, त्यात तीन व्यक्ती नाहीत आणि येशू हा आपल्यासारखाच माणूस होता, असं तो जाहीरपणे सांगत होता. त्यातून निघणारे राजकीय अर्थही तो लपवत नव्हता.

देव एक आहे हे म्हणण्यात एवढं भडकण्यासारखं काय, असा प्रश्न पडू शकतो. शिवाय सगळेच ख्रिस्ती लोक देव एकच मानतात. मग भांडण कशाचं होतं?

तीन की एक?

बहुतेक ख्रिस्ती पंथांची शिकवण अशी की देव एकच आहे, पण त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत. तिन्ही बरोबरीच्या, तिन्ही अनादी. याला त्रैक्य म्हणतात. यातला पुत्र म्हणजे येशू, एकाच वेळी पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. मानणारे म्हणतात, शब्द नसला तरी अर्थ आहे. न मानणारे म्हणतात, अर्थही नंतरचा. इ. स. ३२५ मध्ये निकिया आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे भरलेल्या धर्मसभांमध्ये या शिकवणीला पक्कं रूप मिळालं. अलेक्झांड्रियाचा एरियस त्या वेळी म्हणत होता की पुत्राला पित्याने निर्माण केलं, म्हणून दोघे बरोबरीचे नाहीत. तो पाखंडी ठरला.

बाराशे वर्षांनी युरोपात धर्मसुधारणेची लाट आली तेव्हा हा वाद पुन्हा उकरला गेला. मायकेल सर्व्हिटस या स्पॅनिश वैद्याने त्रैक्यावर टीका केली. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आलं. जिनिव्हा हे कॅथलिक शहर नव्हतं, खुद्द कॅल्व्हिनचं प्रोटेस्टंट शहर होतं. ट्रान्सिल्व्हेनियात फेरेंट्स दावीद या धर्मोपदेशकाने राजालाच आपल्या बाजूला वळवलं आणि १५६८ मध्ये तोर्डाच्या सभेत उपदेशकांना आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मोकळीक मिळाली. पोलंडमध्ये फाउस्टो सोझिनी या इटालियन विचारवंताच्या अनुयायांनी छापखाना काढला, शाळा चालवली. त्यांना १६५८ मध्ये देश सोडण्याचा हुकूम निघाला. त्यांची लॅटिन पुस्तकं मात्र हॉलंडमार्गे इंग्लंडला पोहोचली. त्रैक्य नाकारणाऱ्या या सगळ्या मंडळींना पुढे युनिटेरियन, म्हणजे एकत्ववादी ख्रिस्ती, असं नाव पडलं.

इंग्लंडमध्ये धार्मिक मतांसाठी जाळलेला शेवटचा माणूस एडवर्ड वाइटमन हाही त्रैक्य नाकारणाराच. साल १६१२. पुढे १६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा आला आणि सरकारी चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांना स्वतंत्र उपासनेची मुभा मिळाली, पण त्रैक्य नाकारणाऱ्यांना त्यातून वगळलं. १६९८ च्या आणखी एका कायद्याने असं मत उघड मांडणाऱ्याला सरकारी पदं बंद झाली आणि दुसऱ्यांदा तेच केलं तर तीन वर्षांची कैद ठरली. प्रिस्टलेच्या काळात हा कायदा फारसा कुणी वापरत नव्हतं, पण तो रद्दही झालेला नव्हता.

आदामाचं पाप माझं कसं?

प्रिस्टलेचा जन्म १७३३ च्या मार्च महिन्यात यॉर्कशरमध्ये लीड्सजवळच्या बर्स्टल गावी झाला. वडील लोकरी कापडावर शेवटचा हात फिरवण्याचं काम करायचे. सहा भावंडांत तो थोरला. आई लवकर गेली आणि काही वर्षांनी मुलगा सारा कीली या आत्याकडे वाढायला गेला. आत्याचं घर खाऊनपिऊन सुखी, आणि कट्टर कॅल्व्हिनपंथी. कोण तरणार आणि कोण नरकात जाणार हे देवाने आधीच ठरवलं आहे, आदामाचं पाप प्रत्येक माणसाच्या माथी जन्मतःच आहे, ही त्या घरातली रोजची शिकवण. तरी आत्याचं दार सगळ्या तऱ्हेच्या उपदेशकांना उघडं असे, अगदी ज्यांना बाकीचे पाखंडी म्हणत त्यांनाही. जेवणाच्या टेबलावर चालणारे वाद हा मुलगा ऐकत राहिला.

किशोरवयात तो खूप आजारी पडला. आपण वाचत नाही असंच त्याला वाटू लागलं. कॅल्व्हिनपंथी समजुतीप्रमाणे तरणाऱ्या माणसाला आतून एक अनुभव यावा लागतो, आपण बदललो, देवाने आपल्याला उचललं, असा. त्याला तो काही केल्या येईना. म्हणजे आपण नरकातच जाणार, या भीतीने तो पोखरून निघाला. आजारातून उठला तेव्हा त्याने मंडळीचं सभासदत्व मागितलं. ज्येष्ठांनी परीक्षा घेतली. आदामाच्या पापाबद्दल तुला पश्चात्ताप होतो का, या प्रश्नाला त्याला मनापासून हो म्हणता आलं नाही. जे आपण केलंच नाही त्याचा पश्चात्ताप कसा करायचा, हे त्याला कळेना. त्याला सभासद करून घेतलं नाही.

त्याच्या पुढच्या सगळ्या धर्मविचाराचं मूळ या नकारात शोधता येतं. आधी मूळ पाप गेलं, मग देवाचा राग शांत करण्यासाठी येशूने बळी जावं ही कल्पना गेली, मग येशूचं देवत्व गेलं. पंधरा-वीस वर्षांत, एकेक पायरी उतरत.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज त्याला बंद होती, कारण तिथे सरकारी चर्चच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. चर्चबाहेरच्या या लोकांना डिसेंटर म्हणत. त्यांनी आपल्या मुलांसाठी स्वतःच्या अकादमी काढल्या होत्या. १७५२ मध्ये तो डॅव्हेन्ट्रीच्या अकादमीत दाखल झाला. तिथल्या शिकवण्याची पद्धत अशी की प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडायच्या, आणि विद्यार्थ्यांनी हवा तेवढा वाद घालायचा. जुन्या विद्यापीठांत लॅटिन पाठांतर चाललेलं असताना डिसेंटरांच्या या अकादमींत आधुनिक इतिहास, विज्ञान आणि व्यापार शिकवला जात होता. दारं बंद केल्याचा असाही एक परिणाम.

पहिली नोकरी मिळाली १७५५ मध्ये, सफक परगण्यातल्या नीडम मार्केट या खेड्यात. उपदेशकाला शोभणार नाही असा त्याला एक दोष होता. तो अडखळत बोलायचा. त्यात मंडळीला त्याची मतं कळली, लोक यायचे कमी झाले, आणि वर्षाला ४० पौंडांचा वायदा असताना हातात त्याहून कमी पडू लागले. शिकवण्या लावाव्यात तर पाखंड्याकडे मुलं कोण पाठवणार? तीन वर्षांनी तो नँटविचला गेला. तिथली शाळा मात्र चांगली चालली आणि मुलांसाठी त्याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. १७६१ मध्ये वॉरिंग्टनच्या अकादमीत भाषा आणि साहित्य शिकवायला बोलावणं आलं. पुढच्याच वर्षी लोखंडाच्या कारखानदाराची मुलगी मेरी विल्किन्सन हिच्याशी त्याचं लग्न झालं. मेरी हुशार होती, आणि घर पूर्ण तिने सांभाळलं म्हणून प्रिस्टले एवढं लिहू शकला, हे त्यानेच मान्य केलं आहे.

वॉरिंग्टनच्या दिवसांतच लंडनला त्याची बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली. फ्रँकलिनच्या प्रोत्साहनाने त्याने विजेच्या अभ्यासाचा इतिहास लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता स्वतःच प्रयोग करू लागला. १७६६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

दारूच्या भट्टीशेजारचा पाळक

१७६७ मध्ये तो लीड्सच्या मिल हिल चॅपेलचा पाळक झाला. राहायला जागा मिळाली ती बीअरच्या भट्टीला लागून. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड हवा साचते आणि तीत जळती काडी विझते, हे त्याच्या लक्षात आलं. हा कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात मिसळला तर चवदार फेसाळ पाणी तयार होतं. आजचं सोडावॉटर ते हेच. त्याने कृती छापून मोकळी करून टाकली. पुढे त्या धंद्यावर पैसा केला तो श्वेप नावाच्या माणसाने. हंडीखालचा उंदीर आणि पुदिना हाही लीड्सचाच प्रयोग. मेणबत्तीने खराब केलेली हवा झाडामुळे पुन्हा जळण्याजोगी आणि श्वासाजोगी होते, हे त्यातून दिसलं.

लीड्सलाच त्याचा धर्मविचार शेवटच्या पायरीवर आला. इतके दिवस तो एरियसच्या बाजूचा होता, म्हणजे येशू देवाच्या बरोबरीचा नाही पण जगाच्या आधीपासूनचा दिव्य पुरुष आहे, असं मानणारा. नथॅनियल लार्डनर या अभ्यासकाचं एक पत्ररूप पुस्तक वाचून त्याने तेही सोडलं. येशू हा जन्माने माणूसच, असं आता त्याचं मत बनलं. याचा अर्थ तो नास्तिक झाला असा मात्र नाही, आणि आजच्या वाचकाचा गोंधळ होतो तो इथे. चमत्कार झाले यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. येशू मेलेल्यांतून उठला यावरही होता. देवाने या माणसाला निवडलं, पाठवलं आणि उठवलं, एवढंच त्याच्या लेखी ख्रिस्ती धर्माला पुरेसं होतं. उलट, माणसाला उठवलं म्हणूनच बाकीच्या माणसांना आशा आहे. देव उठला यात आपल्यासाठी काय?

१७७३ मध्ये लॉर्ड शेलबर्नने त्याला वर्षाला २५० पौंडांवर ग्रंथपाल म्हणून ठेवून घेतलं. १ ऑगस्ट १७७४ रोजी मोठ्या भिंगाने ऊन एकवटून त्याने पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि त्यातून निघालेल्या हवेत मेणबत्ती भडकून जळाली. नंतर त्याने त्या हवेत उंदीर ठेवला, स्वतःही ती हुंगून पाहिली. त्याच वर्षी पॅरिसला जाऊन त्याने ही गोष्ट लावॉझियेला सांगितली. लावॉझियेने पुढे ऑक्सिजन हे नाव दिलं आणि ज्वलनाचं नवं शास्त्र उभं केलं. स्वीडनच्या शेलेने ही हवा त्याआधीच मिळवली होती, पण छापायला उशीर झाला.

या वर्षात घडलेली दुसरी गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते. सरकारी चर्चचा एक धर्मगुरू, थिओफिलस लिंडसी, आपल्याला त्रैक्याची प्रार्थना प्रामाणिकपणे म्हणता येत नाही म्हणून पगार, घर, सगळं सोडून लंडनला आला होता. १७ एप्रिल १७७४ रोजी त्याने एसेक्स स्ट्रीटवरच्या एका लिलावघरात उपासना सुरू केली. युनिटेरियन हे नाव उघडपणे लावणारी इंग्लंडमधली ही पहिली मंडळी. पहिल्या दिवशी हजर असलेल्यांत फ्रँकलिन होता. प्रिस्टले लिंडसीचा जवळचा मित्र, आणि या कामात त्याचा मोठा आधार होता.

१७७७ मध्ये त्याने आणखी एक वादळ ओढवून घेतलं. शरीरापासून वेगळा असा अमर आत्मा नाही, माणूस म्हणजे हे एकसंध शरीरच, आणि मेल्यावर देव त्यालाच पुन्हा उठवेल, असं त्याने लिहिलं. बायबलमध्ये पुनरुत्थान आहे, आत्म्याचं अमरत्व ग्रीकांकडून आलं, हा त्याचा मुद्दा. लोकांनी त्याला सरळ नास्तिक ठरवून टाकलं. १७८० मध्ये शेलबर्नची नोकरी संपली. १५० पौंडांचं वर्षासन मात्र आयुष्यभर चालू राहिलं.

बर्मिंगहॅम

१७८० ते १७९१ ही प्रिस्टलेच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं. बर्मिंगहॅमच्या न्यू मीटिंग या मोठ्या डिसेंटर मंडळीचा तो पाळक होता. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट, कारखानदार बोल्टन, चिनी मातीच्या भांड्यांचा वेजवुड, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन, अशा मंडळींची एक बैठक होती, ल्यूनर सोसायटी नावाची. चांदण्यात घरी परतता यावं म्हणून पौर्णिमेच्या आसपास जमायचे, म्हणून ते नाव. प्रिस्टले त्यांच्यात सहज मिसळला. त्यांच्यापैकी अनेकांना धर्मात फारसा रस नव्हता. त्याला विज्ञानाइतकाच किंवा जास्तच होता.

१७८२ मध्ये त्याचं धर्मावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं, 'ख्रिस्ती धर्मात शिरलेल्या विकृतींचा इतिहास'. त्यातला युक्तिवाद ऐतिहासिक आहे. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते आणि यहुद्यांना देव एकच ठाऊक होता. पहिल्या काळातल्या यहुदी ख्रिस्ती गटांनी येशूला माणूसच मानलं. मग प्लेटोच्या तत्त्वज्ञानात मुरलेले लोक ख्रिस्ती झाले, देवाच्या शब्दाला त्यांनी वेगळी व्यक्ती केलं, आणि काही शतकांत साध्या धर्मावर पुटं चढत गेली. त्रैक्य, मूळ पाप, बळी जाऊन केलेलं प्रायश्चित्त, संतपूजा, सगळी नंतरची भर. ती खरवडून काढली की मूळ धर्म दिसेल, आणि तो इतका समंजस असेल की यहुदी आणि मुसलमानांनाही तो स्वीकारायला अडचण वाटणार नाही, अशी त्याची आशा. शेवटचा भाग भोळा आहे, पण तो त्याचा अगदी मनापासूनचा विश्वास होता.

सॅम्युअल हॉर्सली या सरकारी चर्चच्या विद्वानाने त्याच्या ग्रीक वाचनातल्या चुका एकेक करून बाहेर काढल्या. काही चुका खऱ्याच होत्या. प्रिस्टले घाईने लिहायचा. त्याने १७८६ मध्ये चार खंडांचं नवं पुस्तक काढून उत्तर दिलं. वाद कित्येक वर्षं चालला आणि हॉर्सलीला बिशपपद मिळालं. आजचे अभ्यासक प्रिस्टलेचं सरळसोट चित्र मान्य करत नाहीत, सुरुवातीच्या ख्रिस्ती गटांत मतांची फार सरमिसळ होती. पण धर्माची शिकवण ही आभाळातून पडलेली नसून तिला इतिहास असतो, तो कागदपत्रांवरून तपासता येतो, ही त्याची मांडणी वाया गेली नाही.

वाद पुस्तकांपुरता राहिला असता तर कदाचित निभावलं असतं. पण इंग्लंडमध्ये चर्च आणि राजसत्ता एकच होती. राजा चर्चचा प्रमुख, बिशप संसदेत. चर्चची शिकवण चुकीची म्हणणं म्हणजे राज्याच्या पायाला हात घालणं. १७८५ मध्ये प्रिस्टलेने एका पुस्तिकेत मोकळ्या चिकित्सेची तुलना चुकांच्या जुन्या इमारतीखाली दाणा दाणा करून पेरलेल्या बंदुकीच्या दारूशी केली. तो विचारांबद्दल बोलत होता. विरोधकांनी मात्र ही उपमा सोडली नाही. संसदेत ती वाचून दाखवली गेली आणि त्याला दारूगोळ्याचा जो म्हणून नाव पडलं. असल्या उपमेचा मोह त्याला आवरायला हवा होता.

डिसेंटरांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारे कायदे रद्द करावेत यासाठी संसदेत तीनदा प्रयत्न झाले. १७८९ मध्ये ते अवघ्या २० मतांनी हरले. त्यानंतर फ्रान्समध्ये क्रांती झाली, चर्चची मालमत्ता जप्त झाली, आणि १७९० मध्ये तोच ठराव १०५ विरुद्ध २९४ मतांनी आपटला. मधल्या काळात इंग्लंडमधल्या सुखवस्तू लोकांना भीती शिवली होती.

१४ जुलै १७९१. बास्तीय पडल्याला दोन वर्षं झाली म्हणून बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात जेवण ठेवलं होतं. प्रिस्टले गेला नाही, मित्रांनी त्याला न जाण्याचा सल्ला दिला होता. संध्याकाळी चर्च आणि राजाच्या नावाने घोषणा देत जमाव हॉटेलवर आला, खिडक्या फोडल्या, तिथून न्यू मीटिंगकडे वळला आणि ते जाळलं. मग ओल्ड मीटिंग. प्रिस्टले घरी मेरीबरोबर बॅकगॅमन खेळत बसला होता. निरोप आला तेव्हा दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. थोड्या अंतरावरच्या टेकाडावरून त्यांना चांदण्या रात्री सगळं ऐकू येत होतं, दारं फोडल्याचे घाव, आरडाओरडा. निघण्याआधी घरातले दिवे आणि चुली विझवल्या होत्या, त्यामुळे जमावाला आग लावायला विस्तवच मिळेना. प्रिस्टलेच्या विजेच्या यंत्रातून ठिणगी पाडण्याचाही त्यांनी प्रयत्न केल्याचं प्रिस्टलेने पुढे लिहून ठेवलं आहे. शेवटी घर जळालंच. देशातल्या उत्तम प्रयोगशाळांपैकी एक गेली. वर्षानुवर्षांची हस्तलिखितं फाटून रस्त्यावर विखुरली.

दंगल तीन दिवस चालली. चार उपासनागृहं आणि २७ घरांवर हल्ले झाले, बहुतेक डिसेंटरांची. स्थानिक न्यायाधीशांनी सुरुवातीला काही केलं नाही, आणि त्यांची फूस होती असा संशय तेव्हापासून आहे. तिसऱ्या जॉर्ज राजाने सैन्य पाठवलं, पण प्रिस्टलेला स्वतःच्याच शिकवणीची फळं भोगावी लागताहेत याचं आपल्याला समाधान वाटतं, असंही त्याने मंत्र्याला कळवलं. प्रिस्टलेने ३,६०० पौंडांहून जास्त नुकसानभरपाई मागितली, मिळाले सुमारे २,५००.

तो पुन्हा बर्मिंगहॅमला राहायला गेला नाही. लंडनजवळ हॅकनीत त्याला पाळकपद मिळालं, पण घर भाड्याने द्यायला लोक कचरत, नोकर टिकत नसत, रॉयल सोसायटीतले जुने सहकारी नजर टाळत. टॉम पेनच्या पुतळ्याबरोबर त्याचेही पुतळे जाळले गेले. फ्रान्सने त्याला नागरिकत्व दिलं आणि तिथल्या संसदेवर निवडूनही दिलं. त्याने ती जागा नाकारली, तरी इंग्लंडमध्ये याचा व्हायचा तो परिणाम झाला. मुलांना कुठे काम मिळेना. एप्रिल १७९४ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो आणि मेरी अमेरिकेच्या जहाजात बसले. ते समुद्रावर असताना ८ मे रोजी पॅरिसमध्ये लावॉझियेचं डोकं गिलोटिनखाली गेलं.

सस्क्वेहॅना नदीकाठी

अमेरिकेत त्याला विद्यापीठात रसायनशास्त्राची जागा देऊ केली गेली, ती त्याने घेतली नाही. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीकाठी नॉर्थम्बरलँड या आडगावात त्याने घर बांधलं. इंग्लंडमधून निघालेल्या डिसेंटरांची तिथे एक वसाहत करायची असा बेत होता. तो बारगळला. १७९५ मध्ये धाकटा मुलगा हेन्री वारला, पुढच्या वर्षी मेरी. नवं घर पूर्ण झालेलं तिने पाहिलं नाही.

१७९६ मध्ये फिलाडेल्फियात त्याने दिलेल्या व्याख्यानांना उपाध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स येऊन बसत. त्यातूनच त्या वर्षी तिथे युनिटेरियन मंडळी उभी राहिली. पण अ‍ॅडम्स अध्यक्ष झाल्यावर परक्यांना हद्दपार करणारा कायदा आला आणि प्रिस्टलेवरही ती तलवार लटकू लागली. जेफरसन निवडून आला तेव्हा कुठे तो निर्धास्त झाला. जेफरसनने विकृतींचा इतिहास पुन्हा पुन्हा वाचला होता. येशूच्या देवत्वाशिवाय त्याची नीती घेता येते हे त्याला प्रिस्टलेकडून पटलं, आणि पुढे त्याने शुभवर्तमानांतून चमत्कार वगळून फक्त उपदेश आणि चरित्र कापून चिकटवलं, त्यामागे हेच वाचन होतं. प्रिस्टलेला मात्र ते चमत्कारांशिवायचं पुस्तक आवडलं नसतं.

याच गावात त्याने १७९९ मध्ये मोशेच्या नियमांची हिंदू आणि इतर प्राचीन लोकांच्या नियमांशी तुलना करणारं पुस्तक लिहिलं. विल्यम जोन्सने केलेला मनुस्मृतीचा इंग्रजी अनुवाद नुकताच आला होता. प्रिस्टलेने तो बारकाईने वाचला. पण निष्कर्ष आधीच ठरलेला होता, मोशेला देवाकडून मिळालं आणि हिंदूंना नाही. त्रैक्याला लावलेली कसोटी त्याने इथे स्वतःच्या बाजूला लावली नाही. रसायनशास्त्रातही तसंच. लावॉझियेचा सिद्धान्त जगाने स्वीकारला तरी जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचं काही बाहेर पडतं, ही जुनी कल्पना त्याने सोडली नाही. १८०० मध्येही तो तिच्या बाजूने पुस्तक छापत होता.

फेब्रुवारी १८०४ मध्ये तो अंथरुणाला खिळला होता. ६ तारखेच्या सकाळी त्याने एका हस्तलिखितातल्या दुरुस्त्या सांगून लिहवून घेतल्या, एकदा वाचून दाखवायला लावल्या, आता बरोबर आहे असं सांगितलं आणि काही वेळातच गेला.

इंग्लंडमध्ये त्रैक्य नाकारणं गुन्हा राहिलं नाही ते १८१३ मध्ये. डिसेंटरांना सरकारी पदं मोकळी झाली १८२८ मध्ये. रसायनशास्त्रज्ञ त्याला विसरले नाहीत. प्राणवायूच्या शोधाला शंभर वर्षं झाली तेव्हा, १ ऑगस्ट १८७४ रोजी, ते नॉर्थम्बरलँडला जमले, आणि दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली.

त्याची दुसरी बाजू वेगळ्या वाटेने पुढे गेली. तो जिथे शिकवत होता ती वॉरिंग्टनची अकादमी बंद पडल्यावर तिची परंपरा १७८६ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेल्या अकादमीने चालवली. ती संस्था यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, लंडन असं फिरत १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचली, ज्या गावात प्रिस्टलेला कधी प्रवेश मिळाला नसता. तिचं तेव्हाचं नाव मँचेस्टर कॉलेज. १९०१ मध्ये युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून एक तरुण तिथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेला. ते विठ्ठल रामजी शिंदे. दोन वर्षांनी परतून ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं.